विश्लेषण : स्पायरोमेट्री ‘नॉर्मल’, तरी धाप का लागते? फुफ्फुसातलं हवेचं असमान वाटप मोजतात कसं?

सकाळी सहाच्या सुमाराला गंगापूर रोडवर चालणाऱ्यांच्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसतं. जेहान सर्कलपासून गप्पा मारत निघालेल्या घोळक्यातला एक जण आनंदवल्लीच्या आसपास मागे पडतो, बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढतो आणि बाकीचे पुढे गेले की कमरेवर हात ठेवून दम खातो. सोमेश्वरला पोहोचल्यावर ‘फोन आला होता’ असं सांगून मोकळा होतो.

समजा, या माणसाचं वय बेचाळीस आहे आणि त्याने विडी-सिगारेट कधी ओढलेली नाही. तो डॉक्टरकडे जातो, नळीत जोर लावून फुंकतो आणि हातात कागद पडतो : स्पायरोमेट्री नॉर्मल. वजन कमी करा, व्यायाम वाढवा. शंभरातल्या बहुतेकांसाठी हा सल्ला योग्यच असतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र हा कागद खोटं न बोलताही अर्धीच गोष्ट सांगतो. फुफ्फुसात एकूण किती हवा गेली आणि किती वेगाने बाहेर आली, हे त्यावर असतं. ती आत गेल्यावर कुठे पोहोचली आणि कुठे पोहोचलीच नाही, हे त्यावर नसतं.

आनुवंशिक एम्फिसीमा हा या दुसऱ्या प्रश्नाचा आजार आहे.

पपई, मटण आणि फुफ्फुस

मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पपईतलं पपेन हे विकर प्रथिनं तोडतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत पॉल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी हेच पपेन उंदरांच्या फुफ्फुसांत सोडलं, तेव्हा उंदरांना एम्फिसीमा झाला. म्हणजे वायुकोशांच्या भिंती विरघळल्या आणि लहान-लहान पिशव्यांच्या जागी मोठ्या, सैल पोकळ्या उरल्या.

आपल्या शरीरातही असं ‘पपेन’ असतं. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी लढताना इलास्टेज नावाचं विकर सोडतात. त्याने आपलंच फुफ्फुस विरघळू नये म्हणून यकृत एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतं. त्याचं नाव अल्फा-१ अँटीट्रिप्सिन. नाव लांबलचक असलं तरी काम साधं आहे, इलास्टेजला आवर घालणं.

हे प्रथिनच कमी असलेली माणसं असतात, हे १९६३ मध्ये स्वीडनमधील माल्मो इथे कळलं, आणि तेही दुसरंच काही पाहताना. कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत अल्फा-१ची पट्टी जवळपास गायब होती. त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी या पाच जणांची माहिती काढली, तर त्यांतल्या तिघांना कमी वयातच एम्फिसीमा झालेला. पट्टी नसणं हाच त्या नमुन्यांमधला निष्कर्ष होता. न दिसणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जाणं किती अवघड असतं, हे सॉफ्टवेअरमधला बग शोधलेल्या कुणालाही सांगायला नको.

या प्रथिनाची कृती चौदाव्या गुणसूत्रावरच्या ‘सर्पिना-१’ या जनुकात असते. त्यातल्या एका बदलाला ‘झेड’ म्हणतात. आई आणि वडील दोघांकडून झेड आला, तर प्रथिन चुकीच्या घडीचं बनतं आणि यकृतातच अडकून पडतं. रक्तात पोहोचतं ते नेहमीच्या साधारण १० ते १५ टक्के. म्हणून या एकाच दोषातून काहींना यकृताचा, काहींना फुफ्फुसाचा आणि काहींना दोन्हींचा आजार होतो. आई-वडील दोघेही एकेक झेड बाळगणारे, पण स्वतः ठणठणीत असतील, तर प्रत्येक मुलाला दोन्ही झेड मिळण्याची शक्यता चारात एक असते.

धूम्रपानामुळे होणारा एम्फिसीमा सहसा फुफ्फुसाच्या वरच्या भागात सुरू होतो. हा आनुवंशिक प्रकार बहुधा तळाकडून पोखरत येतो. आपण उभे किंवा बसलेले असताना प्रत्येक श्वासातली हवा आणि रक्तही तळाच्या भागाकडेच जास्त जातं. एचआरसीटीच्या अहवालात एम्फिसीमा ‘लोअर लोब’मध्ये जास्त असल्याचं लिहिलेलं असेल, तर त्या दोन शब्दांवर थांबायला हवं, ते यामुळे.

पंपावरचा मीटर आणि शेवटचा ड्रीपर

गंगापूर गाव ओलांडून धरणाच्या बाजूला गेलं, की दोन्हीकडे द्राक्षबागा लागतात. स्पायरोमेट्री कुठे कमी पडते, हे मला इंजिनीअरिंगच्या पुस्तकापेक्षा बागेतल्या ड्रीपवरून चटकन समजलं.

पंप सुरू आहे, मीटरवर प्रवाह ठीक आहे, फिल्टर स्वच्छ आहे. तरी बागेच्या एका कोपऱ्यातल्या ओळी सुकतात. कारण तिथल्या लॅटरलमधले ड्रीपर चोकअप झालेले असतात आणि त्यांच्या वाटचं पाणी दुसऱ्या ओळींना मिळत असतं. पंपावरच्या मीटरला हे कधीच कळणार नाही. त्याच्या दृष्टीने एकूण पाणी तेवढंच आहे.

स्पायरोमेट्री हा पंपावरचा मीटर आहे. तिचा मुख्य आकडा ‘एफईव्ही-वन’, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली. श्वासनलिका तेवीसएक वेळा फांद्या फोडत फोडत कोट्यवधी वायुकोशांपर्यंत जाते. शेवटच्या बारीक फांद्यांची संख्या इतकी प्रचंड असते की त्यांतल्या बऱ्याच खराब झाल्या, तरी एकूण अडथळ्यात फार फरक पडत नाही. तेवढ्या काळात आजार मात्र तिथेच वाढत असतो.

दुसरी अडचण मोजमापाच्या अचूकतेची आहे. निरोगी माणसाचा एफईव्ही-वनसुद्धा वयानुसार दरवर्षी साधारण ३० मिलिलिटरने घटतो. एकाच बैठकीत लागोपाठ केलेल्या दोन चाचण्यांत १५० मिलिलिटरपर्यंत फरक आला तरी तो चालतो, असं मानक सांगतं. वार्षिक घट तिशीतली आणि चाचणीची चलबिचल शेकड्यातली. एखाद्याची घट दुप्पट वेगाने होत असेल, तरी ती या आकड्यांच्या गोंगाटातून वर यायला काही वर्षं जावी लागतात. ती वर्षं रुग्णाची असतात आणि विरघळलेले वायुकोश परत येत नाहीत.

‘वॉशआउट’ म्हणजे काय?

पुन्हा बागेत जाऊ. ड्रीपमधून विद्राव्य खत दिल्यावर नळ्या धुण्यासाठी शेवटी साधं पाणी सोडतात. सगळे ड्रीपर चांगले असतील, तर थोड्या वेळात सगळीकडून स्वच्छ पाणी येतं. काही ओळी चोकअप असतील, तर त्यांच्यातून खताचं पाणी रेंगाळत येत राहतं. मीटर तोच आणि पंपही तोच असतो, पण धुऊन निघायला किती पाणी लागलं, हा आकडा बागेची खरी स्थिती सांगून जातो.

‘मल्टिपल ब्रेथ वॉशआउट’ ही चाचणी नेमकं हेच करते. इथे खताच्या जागी आहे नायट्रोजन. आपण घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतो, त्यामुळे फुफ्फुसात तो आधीच भरलेला असतो, बाहेरून काही सोडावं लागत नाही. साध्या पाण्याच्या जागी येतो शुद्ध ऑक्सिजन.

रुग्णाने खुर्चीत बसायचं, नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि नेहमीसारखा शांत श्वास. जोरात फुंकणं नाही, ‘अजून, अजून, अजून’ असं कुणी ओरडणं नाही. तंत्रज्ञ मशिन ऑक्सिजनवर वळवतो आणि प्रत्येक उच्छ्वासातला नायट्रोजन कमी होत जाताना मोजला जातो. सुरुवातीच्या चाळिसाव्या हिश्शावर, म्हणजे साधारण दोन टक्क्यांवर तो आला, की चाचणी थांबते. तोपर्यंत बाहेर टाकलेली एकूण हवा भागिले साध्या उच्छ्वासानंतर फुफ्फुसात उरणारी हवा. या भागाकाराला ‘लंग क्लिअरन्स इंडेक्स’ किंवा एलसीआय म्हणतात.

उदाहरण घेऊ. उच्छ्वासानंतर फुफ्फुसात अडीच लिटर हवा उरते आणि धुऊन निघायला सतरा लिटर लागले, तर एलसीआय ६.८. निरोगी माणसाचा आकडा साधारण ६ ते ७च्या घरात असतो, वय आणि यंत्रानुसार थोडा इकडे-तिकडे. तेवढ्याच अडीच लिटरसाठी तीस लिटर लागले, तर एलसीआय १२. एकूण हवा पुरेशी येत-जात आहे, पण काही कोपऱ्यांत ती पोहोचत नाही, असा याचा अर्थ.

माझ्यातला इंजिनीअर इथे गप्प बसत नाही, म्हणून कागदावर एक गणित मांडून पाहिलं. फुफ्फुस म्हणजे उत्तम ढवळली जाणारी एकच टाकी मानली, तर चाळिसाव्या हिश्शावर यायला टाकीच्या ३.७ पट हवा पुरते. (घसा आणि मोठ्या नळ्यांत फुकट फिरणारी हवा धरली की खऱ्या माणसात हा आकडा वाढतो.) आता त्याच टाकीचे दोन समान भाग करू. एका भागाला दर श्वासातली ९० टक्के हवा आणि दुसऱ्याला फक्त १० टक्के. एकूण हवा तितकीच. तोंडाशी नायट्रोजन चाळिसाव्या हिश्शावर यायला आता जवळपास ७ पट हवा लागते, म्हणजे सुमारे दुप्पट. आणि चाचणी संपते त्या क्षणी दुर्लक्षित अर्ध्या भागात मूळच्या नायट्रोजनपैकी पाव हिस्सा अजून शिल्लक असतो. गणित ढोबळ आहे, पण वाटप बिघडलं की आकडा कसा चढतो ते यातून दिसतं.

कल्पना नवी नाही. १९४०मध्ये न्यूयॉर्कमध्ये डार्लिंग, कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी ऑक्सिजनने नायट्रोजन धुऊन फुफ्फुसात उरणारी हवा मोजली होती. (यांतल्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांना पुढे १९५६ मध्ये नोबेल मिळालं, पण हृदयात नळी घालण्याच्या तंत्रासाठी.) एलसीआयचा निर्देशांक मांडला तो १९५२ मध्ये मार्गारेट बेकलेक यांनी. त्या तेव्हा जोहान्सबर्गमध्ये खाणकामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करत होत्या. वेगवान सेन्सर आणि संगणक येईपर्यंत हा निर्देशांक बराच काळ अडगळीत पडून होता. त्याला पुन्हा बाहेर काढलं ते सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या डॉक्टरांनी, कारण लहान मुलांना जोरात फुंकायला सांगणं अवघड असतं, पण शांत श्वास तीही घेऊ शकतात.

अल्फा-१च्या रुग्णांवर ही चाचणी युरोपात वापरून पाहिली गेली आहे. स्पायरोमेट्री सामान्य असलेल्यांपैकी काहींचा एलसीआय वाढलेला आढळला. सगळ्यांचा नाही. पण ज्यांचा आढळला, त्यांच्यासाठी त्या पहिल्या ‘नॉर्मल’ कागदाचा अर्थ बदलला.

यंत्रही चुकतं

आकडा मशिनमधून आला म्हणून तो खराच, असं नाही. नायट्रोजन थेट मोजणं अवघड असल्याने बरीच यंत्रं ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून उरलेला हिस्सा नायट्रोजनचा धरतात. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिलं की मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका यंत्रात हे दोन सेन्सर एकमेकांच्या आकड्यांत लुडबूड करत होते. त्यामुळे चाचणीच्या शेवटी नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसे आणि एलसीआयही फुगे. सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, पण त्याआधीचे आकडे नव्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

मोठी मर्यादा आजाराच्या स्वरूपातच आहे. हवा जिथे अजिबात पोहोचत नाही, तिथला नायट्रोजन बाहेर येतच नाही आणि जे बाहेर येत नाही ते या चाचणीला दिसत नाही. पूर्ण बंद पडलेला ड्रीपर धुण्याच्या पाण्यात खत सोडत नाही, तसंच हे. त्यामुळे एम्फिसीमा खूप वाढलेला असताना एलसीआय परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवू शकतो. शिवाय अशा रुग्णाचं फुफ्फुस धुऊन निघायला फार वेळ लागतो. खात्रीसाठी चाचणी दोन-तीनदा करायची, आणि प्रत्येक वेळी नायट्रोजन पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. धाप लागणाऱ्या माणसाला एवढा वेळ नळी तोंडात धरून बसवणं सोपं नाही. म्हणजे ही चाचणी खरी उपयोगी आहे ती सुरुवातीच्या टप्प्यात, नेमक्या त्या काळात जेव्हा ती करावी असं कुणाला सुचत नाही.

हवा कुठे पोहोचत नाही, हे चित्रात पाहायचं असेल तर दुसरे मार्ग आहेत. सीटी स्कॅनवरून फुफ्फुसाची घनता मोजता येते. भिंती विरघळल्या की घनता घटते. विशेष प्रक्रिया केलेला झेनॉन वायू हुंगवून एमआरआय काढला, की जिथे वायू पोहोचला तो भाग उजळतो आणि बाकी काळा राहतो. अमेरिकेत या पद्धतीला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सीटीमध्ये किरणोत्सर्ग आहे, म्हणून तरुण माणसाचा तो दर सहा महिन्यांनी काढत बसता येत नाही, आणि झेनॉनची यंत्रणा जगातल्या मोजक्या केंद्रांतच आहे. वॉशआउटमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण एकच आकडा मिळतो. बाग बिघडली आहे एवढं कळतं, कोणती ओळ ते नाही.

इतकं बारीक मोजून मिळतं काय?

हा प्रश्न रास्त आहे, कारण आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं अल्फा-१ प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देणं, हा उपचार आहे. अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. उपचार आयुष्यभराचा, अतिशय महाग आणि मोजक्याच देशांत नियमित दिला जाणारा.

या उपचाराचा उपयोग होतो का, हे ठरवतानाही मोजमापानेच घोळ घातला. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘रॅपिड’ चाचणीत १८० रुग्ण होते. दोन वर्षांत औषध घेणाऱ्यांच्या फुफ्फुसाची घनता दरवर्षी लिटरमागे १.४५ ग्रॅमने घटली, तर औषध न मिळालेल्यांची २.१९ ग्रॅमने. नासधूस मंदावली होती. पण एफईव्ही-वनमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. केवळ स्पायरोमेट्रीवर विसंबले असते तर औषध निरुपयोगी ठरलं असतं. उलट बाजूनेही युक्तिवाद होतो : रुग्णाला स्वतःला फरक जाणवत नसेल, तर स्कॅनवरच्या ग्रॅमांचं काय करायचं? हा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या मते मोजण्याचा खरा उपयोग निवड करण्यात आहे. स्वीडनने १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बाळांची तपासणी केली आणि साधारण दर १,६०० मागे एकात झेडझेड प्रकार सापडला. ही मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. तिशीपर्यंत, विशेषतः धूम्रपानापासून लांब राहिलेल्यांपैकी, बहुतेकांची फुफ्फुसं चांगली होती. तेच धूम्रपान करणाऱ्या झेडझेड व्यक्तींना तिशी-चाळिशीतच धाप गाठते. म्हणजे जनुक सारखं असलं तरी वाट सारखी नाही. कोण घसरणीला लागला आहे हे लवकर कळलं, तर महाग उपचार कुणाला द्यायचा आणि कुणी धूर-धुळीची नोकरी सोडायची, हे वेळेत ठरवता येतं.

नाशिकमध्ये याचं काय करायचं?

वॉशआउट चाचणी जगभरात आजही मुख्यतः संशोधन आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या केंद्रांत होते. नेहमीच्या दवाखान्यात ती मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पण तिच्या कितीतरी आधीची पायरी आहे रक्ताची एक साधी तपासणी, आणि आपल्याकडे तीच राहून जाते.

भारतात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांतले बहुतेक आनुवंशिक नाहीत. चूल, धूळ, वाहनांचा धूर, बालपणीचे संसर्ग ही आपली कारणं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. झेड प्रकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात तो विरळा आहे. त्यामुळे आपल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो पटकन येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ‘आपल्याकडे नसतंच’ म्हणून तपासायचं नाही आणि तपासलं नाही म्हणून सापडत नाही, हे चक्रही तितकंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्येच सुचवलं होतं की सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची आणि दमा असलेल्या प्रौढांची ही तपासणी आयुष्यात एकदा व्हावी.

डॉक्टरांकडे विषय काढावा असे प्रसंग ओळखता येतात. पंचेचाळिशीच्या आत एम्फिसीमाचं निदान झालेलं असणं. धूम्रपान नसताना किंवा अगदी थोडं असताना आजार वाढत जाणं. स्कॅनमध्ये तळाचा भाग जास्त खराब दिसणं. घरात भावंडाला किंवा काका-मामाला कमी वयात असाच ‘दमा’ असणं, किंवा दारू न पिताही यकृताचा आजार असणं. रक्तातल्या प्रथिनाची पातळी प्रयोगशाळेनुसार साधारण डेसिलिटरमागे ९० ते २०० मिलिग्रॅम असते, झेडझेड प्रकारात ती बहुधा पन्नासच्याही खाली येते. पातळी कमी आली तर पुढे जनुकीय तपासणी, आणि मग सख्ख्या भावंडांचीही.

रक्त कधी द्यायचं, यालाही महत्त्व आहे. शरीरात संसर्ग किंवा सूज असताना हे प्रथिन तात्पुरतं वाढतं, त्यामुळे ताप-खोकल्यात दिलेल्या रक्तात एक झेड असलेल्या माणसाची पातळी सामान्य दिसू शकते. बरं वाटत असताना नमुना द्यावा, किंवा सोबत सीआरपी करून घ्यावं. आणि जुन्या स्पायरोमेट्रीचे कागद रद्दीत टाकू नयेत, नॉर्मल असले तरी. छापील ‘नॉर्मल’ची कक्षा बरीच रुंद असते. पाच वर्षांपूर्वी ११० टक्क्यांवर असलेला माणूस आज ८५ टक्क्यांवर आला, तरी दोन्ही कागदांवर शब्द तोच असतो. फरक दिसतो तो कागद शेजारी-शेजारी ठेवल्यावर.